लहान मुलांचे खेळ आणि स्मरणशक्ती

चार वर्षांच्या मुलास पाच वस्तूंची नावे सांगितली आणि थोड्या वेळाने ती परत विचारली, तर त्यास बहुधा एकदोनच नावे सांगता येतात. एवढ्यावरून त्याची स्मरणशक्ती दुबळी ठरवावी काय? हेच मूल खेळात मात्र कोणावर राज्य आहे, हे विसरत नाही. तेव्हा स्मरण हे केवळ वयावर अवलंबून असते, की हाती घेतलेल्या कार्यावरही, हा प्रश्न शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

सोव्हिएट मानसशास्त्रज्ञ इस्तोमिना यांनी या प्रश्नासंबंधीचे आपले प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध केले. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एकदा पाठ म्हणून पाच शब्द लक्षात ठेवण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी बालवाडीत लुटुपुटीचे दुकान मांडले गेले, आणि मुलास तेथून पाच वस्तू आणण्यास धाडण्यात आले. चार ते पाच वर्षांच्या मुलांना पाठाच्या वेळी सरासरीने दीड शब्द आठवला, तर खेळात तीन. अगदी लहान मुले यादी पुरती न ऐकताच दुकानाकडे धावत. मोठी मुले मात्र नावे मनाशी पुटपुटत जात. लक्षात ठेवणे हे स्वतंत्र काम आहे, याची जाणीव मुलास कशी होते, ते येथे दिसून येते. दुकानात जाऊन वस्तूचे नाव आठवेनासे झाले, म्हणजे स्मरणाची गरज त्यास आपोआप पटते.

तथापि विज्ञानात एका प्रयोगाने निर्णय होत नाही. वाइसबर्ग आणि पॅरिस या अमेरिकन संशोधकांनी १९८६ साली असाच प्रयोग केला, तेव्हा मुलांना खेळापेक्षा पाठाच्या वेळीच अधिक शब्द आठवले. म्हणजेच ‘खेळ’ या नावात काही जादू नाही. खेळाच्या भरात मुलाचे लक्ष यादीवरून उडूही शकते. आपणांस काय साधावयाचे आहे, हे मुलास उमगले आहे की नाही, हाच खरा मुद्दा होय.

उद्देश उमगला, तरी साधन हाती असावे लागते. फ्लॅव्हेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली मुलांच्या ओठांची हालचाल न्याहाळली. पाच वर्षांच्या २० मुलांपैकी केवळ दोघेच चित्रांची नावे मनाशी घोकीत होते. दहा वर्षांच्या २० पैकी १७ जण तसे करीत होते. पुढील वर्षीच्या प्रयोगात, न घोकणाऱ्या मुलांना ती रीत शिकविताच त्यांचे स्मरण सुधारले; पण सूचना थांबताच त्यांतील पुष्कळांनी ती सोडून दिली. सवय जडण्यास वेळ लागतो, असा याचा अर्थ.

तिसरी गोष्ट परिचयाची. मिशेलिन ची यांनी १९७८ साली बुद्धिबळात तरबेज अशा सुमारे दहा वर्षांच्या मुलांची तुलना त्या खेळात नवख्या असलेल्या प्रौढांशी केली. पटावरील मोहऱ्यांची मांडणी आठवण्यात मुले सरस ठरली. अंकांची मालिका आठवण्यात मात्र प्रौढच पुढे राहिले. खेळाने मुलांची स्मरणशक्ती सर्व बाबतींत वाढली नव्हती. ज्या विषयाची ओळख दाट होती, त्यातच ती तेज दिसली.

शिक्षकांनी व पालकांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. ताटात सातआठ वस्तू मांडाव्या, मुलांना पाहू द्याव्या, वर फडके झाकावे आणि नावे विचारावी. मग ‘तू कसे लक्षात ठेवलेस?’ असेही विचारावे. कोणी नावे घोकली असतील, कोणी स्वयंपाकाच्या वस्तू एकत्र आठवल्या असतील. या युक्त्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आणि एखाद्या मुलास नावे आठवली नाहीत, तर त्यास मंद म्हणण्यापूर्वी, ती का आठवावयाची हे त्यास कळले होते काय, याचा विचार वडील माणसांनी अवश्य करावा.