उंची १४० सेंटिमीटर आणि पहिली मोटार

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला मागण्यास माझ्या दवाखान्यात आल्या. वय शेहेचाळीस, उंची १४० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट सात इंच. चाळिशी उलटलेल्या अर्जदारास ‘नमुना १-अ’ या कागदावर डॉक्टरांची सही लागते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. वीस वर्षांपूर्वी हौसेने काढलेला तो परवाना त्यांनी कधी वापरलाच नव्हता. दृष्टी, श्रवण, सांधे तपासून मी सही केली. कागदाची घडी घालता घालता त्यांनी जरा संकोचाने पदर बाजूला करून मानेची उजवी बाजू दाखविली. कातडी सोलवटून लाल झाली होती. उजवी नडगी आणि घोटाही पंधरा दिवसांपासून दुखत होता.

कारण विचारले तेव्हा सारे कळले. यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून दोनदा त्यांना जिल्ह्याच्या गावी डायलिसिससाठी न्यावे लागे. भाड्याच्या गाडीत पगाराचा मोठा हिस्सा जाई, आणि डायलिसिसनंतर गळून गेलेल्या माणसाला एस.टी.च्या गर्दीत उभे करणे त्यांना सहन होत नव्हते. म्हणून दिराच्या जुन्या गाडीवर त्या हात बसवीत होत्या. बुडाखाली दोन उशा, पाठीमागे एक. “डॉक्टरबाई, या वयात मला जमायचं नाही का हो हे?” त्यांनी विचारले. मी त्यांना आधी माझी उंची सांगितली: १४५ सेंटिमीटर.

वाचकहो, येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खासगी मोटार चालविण्यासाठी आपल्या मोटार वाहन कायद्यात किमान उंचीची अट नाही. हैदराबादच्या सुमारे तीन फूट उंचीच्या एका गृहस्थांनी गाडीत आवश्यक बदल करून घेऊन परवाना मिळविल्याची बातमी २०२१ साली वृत्तपत्रांत आली होती. तेव्हा प्रश्न ‘चालविता येईल का’ हा नसून ‘कोणती गाडी, आणि तीत कसे बसावे’ हा आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर भरते. मोटारींच्या टक्कर-चाचण्यांत दीर्घकाळ प्रमाण मानला गेलेला पुतळा मात्र सुमारे १७५ सेंटिमीटर उंच व ७८ किलो वजनाच्या पुरुषाचा. ‘लहानखुऱ्या स्त्री’चा म्हणून जो पुतळा वापरतात, तोही जवळपास दीड मीटर उंच असतो. आमच्या बाई त्या पुतळ्याहूनही ठेंगण्या.

आता दुखण्याचे मूळ पाहू. उंची कमी असली की मोटारीत दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. समोरचा रस्ता दिसावा म्हणून वर बसावे, तर पाय पेडलपासून दूर जातात. पाय पोहोचावेत म्हणून पुढे सरकावे, तर छाती स्टिअरिंगला टेकू लागते. बाईंनी दोन्ही एकदम साधण्याचा प्रयत्न केला होता. टाच जमिनीवर न टेकता पाय अधांतरी ठेवून ब्रेक दाबल्याने नडगीच्या स्नायूंवर सतत ताण येत होता. मऊ उशीवर शरीर दर वळणाला घसरत असल्याने पट्टा छातीवरून मानेवर चढत होता.

त्वचेचे सोलवटणे चार दिवसांत बरे होते. मला खरी भीती वाटली ती छाती आणि स्टिअरिंग यांच्यातील अंतराची. टेपने मोजले तेव्हा ते अवघे पंधरा सेंटिमीटर भरल्याचे त्यांनी दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून कळविले. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या आपल्याकडील मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ती प्राण वाचविते यात शंका नाही. परंतु ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत, पापणी लवण्यापूर्वीच फुगते, आणि फुगण्याच्या पहिल्या क्षणी तिचा जोर सर्वाधिक असतो. अमेरिकेत १९९०च्या दशकात या पिशवीच्या आघाताने जे चालक दगावले, त्यांत स्टिअरिंगला खेटून बसणाऱ्या ठेंगण्या स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. तेथील वाहतूक सुरक्षा यंत्रणेने तेव्हापासून सांगितलेले अंतर आजही ग्राह्य आहे: छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच.

हे दहा इंच कोठून आणावयाचे? माझ्या मते किफायतशीर गाडी निवडताना सर्वांत मोलाची गोष्ट येथेच दडलेली आहे. तिन्ही पेडलांपैकी सर्वांत खोलवर दाबावा लागतो तो क्लच. डावा पाय त्याच्या तळापर्यंत जावा म्हणूनच ठेंगणा चालक पुढे पुढे सरकतो. क्लच नसलेल्या गाडीत डाव्या पायाला काम उरत नाही, आणि ब्रेक पूर्ण दाबण्यापुरते पुढे बसले तरी भागते. काही सेंटिमीटर सहज मागे जाता येते. पूर्वी आपोआप गिअर बदलणारी मोटार ही श्रीमंतांची चैन होती. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओमध्ये ‘एएमटी’ आणली आणि ही सोय लहान गाड्यांतही आली. साध्या गिअरच्या गाडीहून ती साधारण पन्नास हजार रुपयांनी महाग पडते. रंगीत पडद्याचे यंत्र किंवा चकचकीत चाके यांवर खर्च करण्यापेक्षा ही रक्कम येथे घालावी, असे मी निःशंकपणे सांगेन. चढावर थांबल्यावर एएमटी गाडी मागे घरंगळू शकते, तेवढा सराव मात्र हवा.

दुसरी गोष्ट चालकाचे आसन वर-खाली करणारा दांडा. पुष्कळ कंपन्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत तो देत नाहीत, तेव्हा एक पायरी वरची आवृत्ती पाहावी लागते. अनेक गाड्यांत आसन वर उचलताना ते किंचित पुढेही येते, हा लाभच. स्टिअरिंग खाली झुकविता येत असेल तर तेही पाहावे. चालकाच्या दिशेने पुढे-मागे होणारे स्टिअरिंग स्वस्त गाड्यांत क्वचितच आढळते. पट्ट्याची वरची खुंटी खाली घेता येते का, हे विचारावयास विसरू नये. वॅगन-आरसारख्या उंच बांधणीच्या गाडीत खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसता येते आणि चढउतारही सोपा जातो. मात्र अशा गाडीत आखूड पाय अधांतरी राहतात का, हे प्रत्यक्ष बसूनच कळते. नावावरून वा जाहिरातीवरून गाडी ठरवू नये. दोन बहिणींची उंची एक असली तरी एकीचे पाय लांब आणि दुसरीचे धड लांब असू शकते. एकीला सोयीची गाडी दुसरीला छळते.

गाडी पाहावयास जाताना पर्समध्ये शिंप्याचा टेप ठेवावा आणि रोज वापरतो तीच सपाट तळाची चप्पल नव्हे, तर मागे पट्टा असलेले पादत्राण घालावे. आसन पाठीला पूर्ण टेकून बसावे. ब्रेक तळापर्यंत दाबावा. त्या क्षणी गुडघा किंचित वाकलेला आणि टाच जमिनीवर असली पाहिजे. आसनाची पुढची कड गुडघ्यामागच्या लवणीत रुतत असेल तर ती गाडी सोडावी, कारण तेथील शिरा व मज्जातंतू दबून तासाभराने पायाला मुंग्या येतात. डोळे स्टिअरिंगच्या वरच्या कडेहून चार बोटे तरी वर हवेत. स्टिअरिंगच्या कड्यामधून रस्ता पाहणे म्हणजे पाहणे नव्हे. पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि खाली कमरेच्या हाडांवरून जावा, पोटावरून नव्हे. मानेला टोचतो म्हणून तो काखेखालून घेणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. अपघातात तोच पट्टा बरगड्या मोडून यकृत वा प्लीहा फाडू शकतो.

उशीविषयी दोन शब्द, कारण दुकानातला विक्रेता हमखास तोच उपाय सुचवितो. मी स्वतः पहिली जुनी मोटार घेतली तेव्हा दिवाणावरची उशी घेऊन बसत असे. एके सायंकाळी गल्लीत गाडी मागे घेताना उशी घसरली, पाय क्लचवरून सुटला आणि गाडी उसळून शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर आदळली. भिंतीचे दोनशे रुपयांचे गिलावे गेले. पण पाच मिनिटांपूर्वी तेथे मुले खेळत होती, हा विचार मला कित्येक रात्री झोपू देईना. मऊ उशी टकरीत दबते आणि शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते. उंची वाढवावयाचीच असेल तर घट्ट, मागे जाड व पुढे पातळ, आसनाला पट्ट्यांनी बांधता येणारी गादी घ्यावी.

तेवढ्यानेही पाय पोहोचत नसतील तर पेडलांवर उंची वाढविणारे जोड बसविता येतात. ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात वेल्डिंग करून घेण्याचे काम नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलास परिवहन कार्यालयाची मान्यता लागते, आणि अपंगांसाठी अनुकूल केलेल्या वाहनांची तरतूदही कायद्यात आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वैद्यकीय वा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी १४७ सेंटिमीटर वा त्याहून कमी उंची असणे हे दिव्यांगत्व म्हणून नमूद आहे. केवळ घराण्यातच उंची कमी असणाऱ्या माझ्यासारखीचा त्यात समावेश होत नाही. परंतु ज्यांचा होतो त्यांनी जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र घेण्यास संकोचू नये.

बाईंनी दोन रविवार पाच दुकाने पालथी घातली. टेप काढला की विक्रेते हसत, असे त्या म्हणाल्या. अखेर एक चार वर्षे वापरलेली, एएमटी असलेली, आसन वर उचलता येणारी लहान गाडी त्यांना पाच लाखांच्या आत मिळाली. छातीपासूनचे अंतर सव्वीस सेंटिमीटर. नडगीचे दुखणे तीन आठवड्यांत गेले, मानेवर आता खूणही नाही.

परवा त्या यजमानांचा रक्तदाब दाखविण्यास आल्या होत्या. गाडी दारातच उभी होती. सर्व्हिसिंगला दिली की तेथील मुलगा आसन पार मागे ढकलतो आणि मग पुन्हा जागा सापडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांनीच तोड काढली आहे: आसनाच्या लोखंडी पट्टीवर, नेमक्या खाचेपाशी, लाल नेलपॉलिशचा ठिपका.