टेंट लावण्याआधी लोकांना बाहेर काढायचा प्लॅन करा

परवा करमाडला दुकानावर एक जण म्हणाला, "दादा, नाल्याकाठी दहा टेंट लावून पावसाळी कॅम्पिंग सुरू करतोय." मी विचारलं, "रात्री दोनला नाल्याला पूर आला तर लोकांना कुठे नेशील?" तो गप्पच.

२६ जुलै २०१९ ची रात्र आठवा. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत हजारावर प्रवासी. रेल्वेने सांगितलं, गाडीतच थांबा, खाली उतरू नका. सल्ला बरोबरच होता. पण तासन्‌तास अन्नपाणी मिळालं नाही, अशी प्रवाशांची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलही मदतीला आलं आणि सगळे सुखरूप बाहेर निघाले.

आता विचार करा. तिथे लोखंडी डबा होता, आरक्षणाची यादी होती. तुमच्याकडे? कापडाचा टेंट आणि व्हॉट्सॲपवरचं बुकिंग!

म्हणून पहिलं बुकिंग घेण्याआधी तीन कामं करा:

१. टेंट उंचावर लावा. नाला कोरडा दिसतो म्हणून फसू नका.

२. मुक्कामी माणसांची नावं आणि नंबर वहीत लिहा. बाहेर काढल्यावर त्याच वहीवरून मोजा.

३. सूचना एकानेच द्यायची. चौघांनी चार रस्ते दाखवले की माणसं गोंधळतात.

यात खर्च किती? एक वही, एक शिट्टी, चार टॉर्च. गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देतं, पण रात्री झोपताना जीवही तुमच्याच भरवशावर ठेवतं. तेवढं लक्षात असू द्या!