खामकाठची बाग आणि दुकानापुढचा सायकलमार्ग

इ. स. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसविली. त्या नगराला भूमिगत नहरींनी पाणी मिळाले. पुढे डोंगरातील झऱ्याच्या पाण्यावर पाणचक्कीही फिरू लागली. त्या पाणचक्कीशेजारून वाहणाऱ्या खाम नदीला मात्र आपण कित्येक वर्षे नाला म्हणत आलो. जटवाड्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळणाऱ्या या नदीत शहराने सांडपाणी सोडले, कचरा टाकला आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटू लागले आहे. महानगरपालिका, स्मार्ट सिटी, छावणी परिषद, इकोसत्त्व आणि व्हेरॉक यांच्या सहभागातून खामच्या पुनरुज्जीवनाचे काम उभे राहिले. काठावर 'खाम इको पार्क' झाले. २०२४ मध्ये जागतिक पातळीवरील डब्ल्यूआरआय रॉस पुरस्काराच्या अंतिम यादीत हा उपक्रम पोहोचला. त्या वर्षी अव्वल ठरलेल्या कोलंबियातील बारांकिया शहराचे कामही सार्वजनिक उद्यानांचेच होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता पुढचा विचार करावयाचा तो बाग आणि सायकलमार्ग यांना जोडण्याचा. बागेपर्यंत मोटारीनेच जावे लागत असेल, तर दारात वाहनांची दाटी होते आणि मुले व वृद्ध घरीच राहतात. नदीकाठाने सावलीचा अखंड मार्ग असेल, तर शाळा, बाजार आणि बाग एकाच सूत्रात गुंफता येतील.

नियोजनात पहिला प्रश्न पूररेषेचा. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम, काँक्रीटची भिंत वा उपाहारगृह नको; तेथे गवत, करंज, उंबर, अर्जुन आणि पाणी मुरू देणारी पायवाट शोभते. नदीला तिची जागा दिली, तर काठ टिकतो. काठ टिकला, तर पाखरे आणि जलचरही टिकतात. जीवदयेचा हा अर्थ आपल्या घरात निराळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा प्रश्न नाजूक आहे, कारण तो आपल्या दुकानाच्या पायरीशी येतो. २०२० साली केंद्र शासनाच्या 'सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात आपले शहर उतरले आणि क्रांती चौक ते रेल्वे स्थानक या मार्गावर सायकलमार्गाचा प्रयोग झाला. अशा मार्गाचे नाव निघताच व्यापाऱ्याच्या मनात शंका येते : गाडी उभी करावयास जागा नसेल, तर गिऱ्हाईक थांबेल का? माल उतरवायचा कोठे? ही शंका खोटी नाही. माल उतरविण्याच्या वेळा ठरवाव्यात, त्यासाठी थोड्या अंतरावर जागा राखावी आणि हे सर्व आखणीपूर्वी व्यापाऱ्यांसमवेत बसून करावे. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. शिवाय भरधाव मोटारीतून दुकानाची पाटी वाचली जात नाही; सायकलवरचा मनुष्य सहज थांबतो. आणि केवळ रंगाची रेघ ओढून मार्ग होत नाही. त्याला कठडा किंवा उंचवटा नसेल, तर पहिली दुचाकी तेथे उभी राहते, आणि ती बहुधा दुकानदाराचीच असते!

तिसरा प्रश्न निगेचा. भांडवल उभे राहते, चालू खर्च अडतो, हे व्यापाऱ्याहून अधिक कोणास ठाऊक? बाकावर नाव कोरण्यासाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात. उन्हाळ्यात रोपांना पाणी घालण्याचा, माळ्याच्या वेतनाचा, दिव्यांच्या दुरुस्तीचा भार उचलणारे थोडे. आपल्या पूर्वजांनी पाणपोया नुसत्या बांधल्या नाहीत, त्या चालविल्या. एखाद्या कुटुंबाने वा बाजारपेठेने बागेच्या शंभर पावलांची निगा पाच वर्षांसाठी पत्करली, तर ते दान पाटीवर नव्हे, सावलीत दिसेल.

नकाशे तयार होतील, हरकती व सूचना मागविल्या जातील. तेव्हा केवळ हरकत घेऊन नव्हे, सूचना घेऊनही आपण जावे. ज्या नदीकडे आपण पाठ फिरवली, तिच्या काठाने आपली नातवंडे निर्धास्तपणे सायकल चालवितील की नाही, हे त्या सूचनांवरही अवलंबून राहील.