बर्फ करणे आणि बर्फ सोडविणे



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींना हसू आले असेल. एके दिवशी संतवाङ्मय, दुसऱ्या दिवशी शेतीचे अर्थकारण, आणि तिसऱ्या दिवशी काय, तर फ्रीजमधला बर्फाचा ट्रे! पण या क्षुल्लक वस्तूकडे मी वळलो तो हौसेने नव्हे, नुकसान सोसून वळलो. ती हकीकत प्रथम सांगतो.

चैत्रातले हळदीकुंकू होते. पन्हे तयार होते, आंबेडाळ वाटून झाली होती, आणि बायका दारात आल्या तरी बर्फाचा ट्रे फ्रीजच्या तळाला घट्ट चिकटून बसलेला. घरातल्या एका शहाण्या माणसाने भाजी चिरायची सुरी घेतली आणि ट्रेखाली घालून नेट लावला. 'फुस्स' असा आवाज झाला. तो शहाणा माणूस मीच. दुसऱ्या दिवशी आलेल्या कारागिराने सांगितले की, त्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यातच गार करणाऱ्या वायूच्या नळ्या असतात, आणि मी बर्फ नव्हे, नळी फोडली होती. पन्हे माठाच्या पाण्यावर भागले आणि चांगलेही लागले. परंतु माझ्या मनात एक प्रश्न राहून गेला. बर्फ करण्यासाठी माणसाने एवढे यंत्र उभारले, मग तो सोडविण्यासाठी सुरीच का लागावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले ते एका वाक्यात सांगता येईल: घरगुती बर्फाच्या बाबतीत गोठविणे हा सोपा भाग आहे, सोडविणे हा अवघड. ट्रेची सारी रचना या अवघड भागासाठी असते.

आधी सोपा भाग पाहू. ट्रेचा एक खण ३ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल आहे असे धरा. त्यात २७ ग्रॅम पाणी मावेल. ते ३० अंशांवरून शून्यावर आणण्यास ८१० कॅलरी उष्णता काढावी लागते. शून्यावरच्या पाण्याचा शून्यावरचाच बर्फ करण्यास ग्रॅममागे ८० प्रमाणे २,१६० कॅलरी, आणि तो बर्फ शून्याखाली १८ अंशांपर्यंत नेण्यास आणखी सुमारे २४३. म्हणजे दोन तृतीयांश श्रम नुसत्या गोठण्यात जातात. ही सारी उष्णता खणाच्या भिंतींतून आणि वरच्या पृष्ठावरून बाहेर पडली पाहिजे. थर दुप्पट जाड झाला की गोठण्यास साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून खण उथळ असावा, भिंत पातळ असावी, आणि ट्रे गार पत्र्यावर टेकणारा असेल तर तो धातूचा असावा. येथवर सर्व सरळ आहे.

आता अडचण पाहा. पाणी गोठताना फुगते; १०० भाग पाण्याचा सुमारे १०९ भाग बर्फ होतो. भिंती उभ्या सरळ असतील तर हा फुगणारा बर्फ त्यांच्यामध्ये पाचरीसारखा आवळून बसतो. शिवाय धातू आपल्याला कितीही गुळगुळीत दिसला तरी त्याच्यावर सूक्ष्म ओरखडे असतात. पाणी त्यांत शिरते आणि तेथेच गोठते. जणू असंख्य लहान खिळ्या ठोकल्या जातात. जो धातू उष्णता उत्तम वाहून नेतो, तोच बर्फाला घट्ट धरून ठेवतो, असा हा पेच आहे.

त्याची पहिली उकल आपण सर्वांनी पाहिली आहे, पण लक्ष दिलेले नाही. कुल्फीवाल्याचा साचा आठवा. तो तोंडाशी रुंद आणि टोकाशी निमुळता असतो. कुल्फीवाला तो दोन तळहातांमध्ये क्षणभर फिरवितो आणि उलटा करतो. कुल्फी अलगद पानावर उतरते. यात दोन युक्त्या आहेत. हाताच्या उबेने साच्यालगतचा केसाएवढा थर वितळतो. आणि साचा निमुळता असल्यामुळे कुल्फी किंचित सरकली की ती सगळ्या बाजूंनी एकदम मोकळी होते. ट्रेच्या खणाला उतार देतात आणि तळाचे कोपरे गोल ठेवतात ते याचसाठी. १९३३ साली अमेरिकेत गाय टिंकम याने स्टेनलेस स्टीलचा लवणारा ट्रे काढला. त्याच्या बाजूंना ५ अंशांचा उतार होता. ट्रे वाकविला की बर्फ खणांच्या रेषेवर तुटे आणि त्या उतारामुळे वर ढकलला जाई.

दुसरी उकल 'लवण्या'ची. मिशिगनमधील लॉइड कोपमन हा मेपलच्या झाडांचा रस गोळा करण्यास रानात गेला असता, आपल्या रबरी बुटांवरचा बर्फ चिकटून न राहता चालताना झडून पडतो, हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यातून १९२८ च्या सुमारास रबरी ट्रे निघाला, असे सांगतात. यातले तत्त्व आपल्याकडील गृहिणी उन्हाळ्यात गच्चीवर रोज वापरतात. प्लास्टिकच्या कागदावर घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या वाळल्या म्हणजे त्या कोणी उपटून काढीत नाही; कागद खालून वाकवितात, पापडीची कड सुटते, आणि मग ती सुटण्याची रेघ आपोआप पुढे धावते. सबंध पृष्ठ एकदम उचकटण्यास फार मोठे बळ लागते. कडेपासून सोडविण्यास थोडे पुरते. आजचे पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे ट्रे पिळले की 'कडकड' वाजतात, तो या रेघा धावण्याचा आवाज असतो. अशा प्लास्टिकला पाणी मुळातच कमी चिकटते, हा आणखी फायदा. तोटा असा की, प्लास्टिक उष्णता सावकाश सोडते आणि पिळून पिळून अखेर तडकते.

आणखी एक बारकावा. खणांच्या मधल्या भिंतींना वर लहानशी खाच असते. एका टोकाला ओतलेले पाणी या खाचांतून सर्व खणांत सारखे पसरते. खाच फार खोल ठेवली तर शेजारचे खडे जाड बर्फाने एकमेकांना जोडले जातात. फार उथळ ठेवली तर पाणी काठावरून सांडते आणि ट्रे खाली चिकटतो. माझ्या सुरीचा प्रसंग ओढवला तो याच सांडलेल्या पाण्यामुळे!

आता हे काम माणसाचे हात काढून यंत्राकडे द्यायचे झाले तर? अमेरिकेतील सर्व्हेल कंपनीने १९५३ मध्ये घरगुती फ्रीजमध्ये आपोआप बर्फ करणारे यंत्र आणले. त्या जातीच्या यंत्रांतला खडा चंद्रकोरीसारखा असतो. ही नक्षी शोभेसाठी नव्हे. खणाचा तळ अर्धवर्तुळाकार असतो आणि वर मध्यावर एक फिरता दांडा असतो. दांड्याला बोटांसारखे दात असतात. दांडा फिरला की खडा स्वतःच्याच गोलाईवरून घसरत बाहेर येतो. त्याला अडण्यास कोपराच नसतो. खड्याचा आकार ठरतो तो त्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेने! मात्र त्याआधी साच्याखालची विजेची तार तापवून बर्फाचा थर वितळवावा लागतो. कुल्फीवाल्याच्या तळहाताची जागा या तारेने घेतली. दुसऱ्या जातीच्या यंत्रात प्लास्टिकचा ट्रे मोटारीने उलटा होतो, त्याचा एक कोपरा अडसराला अडतो, दुसरा पुढे जातो, आणि ट्रे पिळला जाऊन खडे खाली पडतात. येथे पापड्यांची युक्ती, आणि तापविण्याची गरज नाही.

या दोहोंतला फरक केवळ कारागिरीचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, बर्फाच्या यंत्रामुळे फ्रीजचा विजेचा खर्च १२ ते २० टक्के वाढतो असे आढळले. आणि या वाढीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी गोठविण्यात नव्हे, तर गोठलेले खडे साच्यातून सोडविण्यात जात होता. आधी वीज खर्चून गार करायचे, मग वीज खर्चून तेच तापवायचे, आणि ती ऊब फ्रीजने पुन्हा वीज खर्चून बाहेर टाकायची! सोडविणे अवघड, असे मी म्हटले, त्याची ही विजेच्या भाषेतली पावती. ज्या दिवशी साचा आपणहून बर्फ सोडील, त्या दिवशी हा खर्च वाचेल. म्हणून खणाचा उतार अंशभर वाढविण्यासाठी आणि तापविण्याची वेळ काही सेकंद कमी करण्यासाठी झटणाऱ्या रचनाकाराचे काम मी क्षुल्लक मानीत नाही.

घरी जाताना एवढे लक्षात ठेवावे. ट्रे काठोकाठ भरू नये. फुगण्यास जागा ठेवावी. ट्रेचा तळ पुसून मगच आत ठेवावा. पाणी क्षारांचे असेल तर खणांत पांढरा थर बसतो आणि तो खरबरीत थर बर्फाला धरून ठेवतो. तेव्हा अधूनमधून लिंबाच्या रसाने तो धुऊन काढावा. ट्रे आतच चिकटला तर फ्रीज बंद करून थोडा धीर धरावा. बाहेर काढलेल्या ट्रेमधला बर्फ सुटत नसेल तर तो मिनिटभर तसाच ठेवावा, किंवा पालथा करून तळावर साध्या पाण्याची धार सोडावी. आणि सुरी भाजीसाठी ठेवावी.