ओरडतो पंप, चोर दुसराच

पिंपरीच्या कारखान्यातली टाटा इंडिका १९९८च्या अखेरीस बाजारात आली आणि २०१८मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शिफ्टची माणसं ने-आण करत म्हाताऱ्या झालेल्या इंडिका भोसरी, चिखली, चाकण या पट्ट्यात आजही दिसतात. पुढच्या चाकांवर डिझेल इंजिनाचं ओझं आणि खाली तळेगाव-चाकण रस्त्याचे खड्डे. अशा गाडीचं पॉवर स्टेअरिंग एक दिवस जड झालं आणि बॉनेटखालून कण्हण्याचा आवाज येऊ लागला, तर त्यात नवल नाही. नवल वाटतं ते निदानाच्या घाईचं. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते न राहते तोच निकाल लागतो, ‘पंप गेला!’ साऱ्या यंत्रणेत मोठ्यानं ओरडू शकतो तो पंपच, म्हणून आळही त्याच्यावरच येतो. पुष्कळदा हा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा असतो.

हायड्रॉलिक स्टेअरिंगचा पंप बेल्टवर फिरतो. त्यातल्या रोटरच्या पात्या टाकीतलं ऑइल ओढून रॅककडे ढकलतात. स्टेअरिंगच्या दांड्याखाली, रॅकच्या तोंडाशी एक बारीक पोलादी कांडी असते. स्टेअरिंग वळवलं की ती जराशी पिळली जाते, तेवढ्यानं व्हॉल्व्हची एक वाट उघडते आणि ऑइल पिस्टनच्या एका बाजूला जोर लावतं. दाब दर चौरस सेंटीमीटरला ७० किलो आणि पिस्टनचं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटीमीटर धरलं, तर जोर होतो ५६० किलोंचा. एरवी, गाडी सरळ जात असताना, ऑइल फारसा दाब न घेता नुसतं फिरत राहतं. ही मोकळ्या वाटेची युक्ती अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरनं १९२०च्या दशकात बसवली. मोटारीत ती विकायला यायला मात्र १९५१ उजाडलं. ती गाडी होती क्रायस्लरची इम्पीरियल.

आता त्या ओरडण्याकडे वळू. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, कारण तिथे पंप ऑइल ओढत असतो. जुन्या गाडीत या नळीचं रबर कडक होतं, क्लिप सैल पडते, जोडावरची ओ-रिंग चपटी होते. मग उसाच्या रसात चिरलेली स्ट्रॉ घातल्यावर व्हावं तसं होतं: रस बाहेर गळत नाही, पण तोंडात निम्मी हवाच येते. गाडीखाली ऑइलचा थेंब नसतो, त्यामुळे मालक छातीठोकपणे सांगतो की लीकेज नाही. पंप मात्र हवा गिळत ओरडत राहतो.

याचा पुरावा टाकीतच सापडतो. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टेअरिंग दोन-चार वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगावं, मग इंजिन बंद करून टाकीचं झाकण उघडावं आणि टॉर्च मारावा. लालसर, पारदर्शक दिसायला हवं ते ऑइल फेसाळून गुलाबी, दुधाळ झालं असेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे. पातळी नुसती कमी असली तरी हेच दिसतं, म्हणून पातळी आधी बघावी. आवाज आहे पण फेस नाही, असं असेल तर पंपाला ऑइलच अपुरं मिळत असण्याचा संभव जास्त. काही टाक्यांच्या तळाशी जाळी असते, ती गाळानं तुंबते. कधी जुन्या होजचा आतला थर सुटून वाटेत आडवा येतो. दोन्ही बाबतींत नवा पंप बसवला तर काही दिवसांत तोही कण्हू लागतो.

नुसत्या जडपणाचं निदान वेगळं. पंप किती ऑइल ढकलणार हे इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतं, आणि सर्वांत जास्त जोर लागतो तो पार्किंगमध्ये, इंजिन आयडलवर असताना. तिथे जड आणि रेस दिली की हलकं, तर बेल्ट सैल आहे किंवा पंप खरोखरच झिजला आहे. पावसात डबक्यातून गेल्यावर चिरका आवाज होऊन क्षणभर जड झालं, तर बेल्ट घसरला असं समजावं. फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे जड लागत असेल तर पंप निर्दोष सोडावा, तो दोन्ही बाजूंना सारखंच ऑइल देतो. दोष रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये शोधावा.

ऑइलच्या वाटेला जाण्याआधी पुढच्या टायरमधली हवा तपासावी. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. मग इंजिन बंद ठेवून पुढची चाकं जॅकवर उचलावीत (खाली स्टँड लावूनच) आणि स्टेअरिंग फिरवावं. तरीही अडखळत असेल तर दुखणं हायड्रॉलिकचं नाही: बॉल जॉइंट, स्ट्रटचं वरचं बेअरिंग किंवा कॉलममधला गंजलेला क्रॉस बघावा. क्रॉसची खूण पक्की असते, स्टेअरिंगच्या एका फेऱ्यात तो दोन ठिकाणी अडतो.

शेवटची खात्री प्रेशर गेज देतो. पंप आणि रॅकच्या मध्ये व्हॉल्व्हसह गेज लावून वाट जास्तीत जास्त पाच सेकंद बंद करायची. त्याहून जास्त वेळ बंद ठेवली तर पंपच भाजून निघतो. कंपनीनं सांगितलेला दाब आला तर पंप ठणठणीत. मग वाट उघडून स्टेअरिंग टोकापर्यंत दाबून धरलं आणि दाब खाली राहिला, तर रॅकच्या आतलं सील गळतंय. भोसरीत प्रेस आणि मोल्डिंग मशीनची हायड्रॉलिक दुरुस्ती करणारे कारागीर ही तपासणी रोज करतात. मोटारीच्या गॅरेजमध्ये गेज क्वचितच बाहेर निघतो, हे मला कोडंच वाटतं. प्रेशर होजही भोसरीच्या या कारागिरांकडे क्रिम्प करून मिळतो. त्याच्या जागी साधी रबरी नळी क्लिप लावून बसवणं म्हणजे गरम ऑइलच्या पिचकारीला आमंत्रण. आणि टाकीत ब्रेक ऑइल तर चुकूनही ओतू नये, त्यानं इथली सीलं फुगून निकामी होतात.

इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाड्याही आता जुन्या होऊ लागल्या आहेत. त्यांत ऑइल नाही, पंप नाही, तरी पहिला आळ महागड्या भागावरच, म्हणजे मोटरवर येतो. अरुंद जागेत गाडी बराच वेळ मागेपुढे केल्यावर स्टेअरिंग जड झालं, तर मोटर तापू नये म्हणून कंट्रोल युनिटनंच मदत कमी केलेली असू शकते. थंड झाल्यावर ते पूर्ववत होतं. एरवी मल्टिमीटर बॅटरीला लावावा. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले नाहीत, तर आधी टर्मिनलं घासून घट्ट करावीत, मग अल्टरनेटर तपासावा.