बंब येईपर्यंत आपण काय करणार?

‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही म्हण आपण एरवी हसत हसत वापरतो. आमच्या तळवड्यात मात्र ती ऐकून कुणी हसत नाही.

८ डिसेंबर २०२३ च्या दुपारी इथला एक छोटा कारखाना पेटला. वाढदिवसाच्या केकवर फुलबाजीसारख्या तडतडणाऱ्या मेणबत्त्या तिथे बनत. त्याच दिवशी सहाजण गेले आणि पुढे उपचार सुरू असताना हा आकडा दहाच्या वर गेला. त्यात बहुतेक बायकाच होत्या. संसाराला हातभार म्हणून सकाळी डबा घेऊन निघालेल्या! आवश्यक परवाने नव्हते, हे नंतर समजले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला जवळच चिखलीच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि तिथेच झोपलेले आई, वडील आणि दोन मुलगे दगावले. डिसेंबर २०२४ मध्ये कुदळवाडीत भंगाराची गोदामे जळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली पत्र्याची हजारो बांधकामे पाडली. पण घराला लागून शेड आणि शेडला लागून घर हे चित्र या पट्ट्यात अजूनही जागोजागी दिसते.

अशा ठिकाणी आग एका शेडला लागते आणि घर सोडावे लागते अख्ख्या गल्लीला. पण ‘आता निघा’ असे सांगणार कोण?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ वणवे पेटले, ते आपण टीव्हीवर पाहिले. तिथे घरे रिकामी करण्याचे आदेश मोबाइलवर येतात. तरीही अल्टाडेना गावाच्या पश्चिम भागात तो आदेश कित्येक तास उशिरा पोहोचला, आणि त्या गावातले बहुतेक बळी त्याच भागातले निघाले. त्यातले बरेच वयस्कर होते. एवढी यंत्रणा असूनही ही गत, मग आपण कुणाची वाट पाहायची? निघायचे कधी, हे ज्याच्या त्याच्या घरानेच आधी ठरवून ठेवायला हवे.

आमच्या मागच्या गल्लीत एका रात्री भंगार पेटले, तेव्हाचे आठवते. एक शेजारीण गादीखालच्या पैशांसाठी दोनदा आत गेली. एका घरात आईला वाटले मुलगा बाबांबरोबर आहे, बाबांना वाटले आईबरोबर आहे, आणि लेकरू माळ्यावर गाढ झोपलेले! दैव बलवत्तर म्हणून सगळे सुखरूप राहिले. पण दर वेळी दैवावर कसे चालेल?

पुढच्याच बैठकीत आम्ही महिला मंडळात हा विषय घेतला. घरोघरी चार गोष्टी ठरवल्या. पहिली, कोणी कोणाला घेऊन निघायचे. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मोठ्या मुलाने धरायचे. मी गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, यांनी मेन स्विच. पण धूर घरात शिरला असेल तर तेही नाही, सरळ बाहेर! दुसरी, बाहेर भेटायचे कुठे. आम्ही मारुतीच्या देवळासमोरची मोकळी जागा ठरवली. तिथे माणसे मोजायची. तिसरी, रेशनकार्ड, आधार, पासबुक, दाखले आणि रोजची औषधे एकाच पिशवीत, दाराजवळ. चौथी आणि सर्वांत कठीण, एकदा बाहेर पडले की पुन्हा आत जायचे नाही. अगदी मंगळसूत्रासाठीसुद्धा!

सासूबाई आधी म्हणाल्या, “अगं, तिन्हीसांजेला हे असलं अभद्र कशाला बोलायचं?” दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःची पोथी आणि बीपीच्या गोळ्या गुपचूप त्या पिशवीत ठेवल्या.

मुलांनाही शिकवा. धूर वर चढतो, म्हणून नाकावर ओले फडके धरून वाकून किंवा रांगत बाहेर पडायचे. कपडे पेटले तर धावायचे नाही, जमिनीवर लोळायचे. भाजल्यावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको. १०१ आणि ११२ हे नंबर लहानग्यांनाही पाठ हवेत. आणि हो, गल्लीच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या गाड्या हटवल्याशिवाय बंब आत येणार तरी कसा?

मैत्रिणींनो, तुम्ही किंवा तुमची लेक एखाद्या शेडमध्ये कामाला जात असाल, तर तिथे दुसरे दार आहे का, ते कामाच्या वेळी उघडे असते का, हे आधी विचारा. पगार विचारतो तितक्याच सहज विचारा. मालकाला राग येईल, कदाचित कामही जाईल, ही भीती मला ठाऊक आहे. म्हणूनच एकटीने नको, चौघींनी मिळून विचारा.

आज रात्री जेवणे झाली की टीव्ही पाच मिनिटे बंद ठेवा. आपल्या घरात कोण कोणाला घेऊन निघणार, एवढे तरी ठरवून टाका.