कोल्हापूर खरंच वाढत नाही?

‘कोल्हापूर आहे तिथंच राहिलं, नाशिक बघा कुठं गेलं!’ हे सर्रास ऐकू येतं आणि पुराव्याला जनगणना असते. कोल्हापूर महापालिका हद्दीत 2001 मध्ये 4,93,167 लोक होते, 2011 मध्ये 5,49,236. वाढ जेमतेम 11 टक्के. त्याच दशकात नाशिक 10.77 लाखांवरून 14.86 लाखांवर गेलं, म्हणजे 38 टक्के. आकडे बरोबर आहेत, त्यांवरून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

वस्तुस्थिती अशी की हा हिशेब हद्दीचा आहे, शहराचा नाही. कोल्हापुरात 1972 मध्ये महापालिका आली, पण 2011 पर्यंत हद्द एकदाही वाढली नाही. क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटरच राहिलं. नाशिकची हद्द सुमारे 260 चौरस किलोमीटर आहे. तिथं नव्या वसाहती शहरातच मोजल्या जातात. कोल्हापुरात मात्र शहरालगतच्या पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव या गावांतल्या अपार्टमेंट त्या गावांच्याच खात्यावर पडतात. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरातले तीन भाऊ वेगळे झाले आणि दोघांनी पाचगावात फ्लॅट घेतले, तर नोकरी, मुलांची शाळा, दवाखाना सगळं शहरात. पण जनगणनेत शहराची माणसं घटतात. वाढीव घरफाळा आणि जमिनीवरची आरक्षणं यांच्या धास्तीनं गावं हद्दवाढीला विरोध करतात. ती धास्ती समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे रस्ते, पाणी, कचरा यांचा भार एकीकडे आणि नियोजन दुसरीकडे, ही अवस्था कायम राहते. 2017 मध्ये आसपासच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण स्थापन झालं, तेच या विस्ताराची कबुली आहे.

दुसरा गैरसमज: एवढ्या इमारती उठतायत म्हणजे बाहेरून लोंढे आले. स्थलांतर आहेच, पण घरांची मागणी केवळ माणसांच्या संख्येवर ठरत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) 1.7 आला. कुटुंबं लहान होतायत, वेगळी होतायत. घरात सरासरी पाच माणसं असतील तर लाख लोकांना 20 हजार घरं पुरतात. चार झाली की 25 हजार लागतात. लोकसंख्या एकानंही न वाढता!

मग बंद फ्लॅट दिसतात ते? त्यावरून घरं गरजेपेक्षा जास्त झाली असं म्हणता येत नाही. 2011 मध्ये देशाच्या शहरी भागात सुमारे 1.11 कोटी घरं रिकामी होती, आणि तरीही झोपडपट्ट्या होत्याच. बरेच फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात, मालक ते भाड्यानं द्यायला कचरतो आणि ज्याला घर हवंय त्याला ती किंमत झेपत नाही.

2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे इंटरनेटवर ‘आजची लोकसंख्या’ म्हणून जे आकडे फिरतात ते अंदाज आहेत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. ते आकडे हाती आल्यावर कोल्हापूरकरांनी शहर आणि लगतची गावं यांची बेरीज मांडावी, आणि पाणी योजनेपासून बसमार्गांपर्यंत सगळं नियोजन त्या बेरजेवर व्हावं, असा आग्रह धरावा.